माशाच्या तेलाची कागदपत्रे

खानदेशातल्या दोंडाईच्यात सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन संध्याकाळी लिपिड प्रोफाइलचा कागद हाती घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यावर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापलेला दिसला की घरातले कोणीतरी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे नाव काढते. पुण्या-मुंबईतला मुलगा डबी पाठवून देतो, आणि ज्या घरात मासा कधी शिजला नाही तिथेही ‘औषध म्हणून चालतं’ असे म्हणत ती घेतली जाते. माशाच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरते, ही समजूत काही हवेतून आलेली नाही. तिच्यामागे सुमारे सत्तर वर्षांची छापील कागदपत्रे आहेत. ती तारखेच्या क्रमाने लावून वाचली की एक गोष्ट ठळकपणे समोर येते: माशाच्या तेलाच्या खात्यावर जमा झालेले बरेचसे श्रेय त्याने ताटातून हटवलेल्या स्निग्ध पदार्थाचे आहे. तो हटवायचा पदार्थ कोणता, असे विचारत गेलो तर हा शोध दोंडाईच्याच्याच रेल्वेमार्गावर, अमळनेरला येऊन पोचतो.

पहिला महत्त्वाचा कागद एप्रिल १९५६ चा. केपटाऊनमधले ब्राँट-स्ट्यूअर्ट, अँटोनिस, ईल्स आणि ब्रॉक या चौघांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध छापला. विषय होता, वेगवेगळे स्निग्ध पदार्थ खाऊ घातले तर रक्तातले कोलेस्टेरॉल कसे हलते. वनस्पतींच्या तेलाने ते उतरते, असे कॅलिफोर्नियात किन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच दाखवले होते. त्यावरून ‘प्राणिज ते वाईट, वनस्पतिज ते चांगले’ अशी सोपी वाटणी रूढ होऊ लागली होती. केपटाऊनच्या मंडळींनी मोजकी माणसे देखरेखीखाली ठेवून त्यांच्या आहारात एकेक स्निग्ध पदार्थ घातला आणि काढला. लोण्याने आणि गोमांसाच्या चरबीने आकडा चढला, सूर्यफुलाच्या तेलाने उतरला. इथवर जुनी वाटणी टिकली. पुढच्या दोन पदार्थांनी मात्र ती मोडली. पिलचर्ड हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. त्याचे तेल प्राणिज असूनही त्याने आकडा उतरवला. आणि हायड्रोजन जिरवून घट्ट केलेले भुईमुगाचे तेल, मुळात वनस्पतीचे असूनही, प्राणिज चरबीच्या रांगेत जाऊन बसले.

माशाच्या तेलाचा इतिहास सांगणारे लेखक या निबंधातला पिलचर्ड उचलतात आणि भुईमूग तिथेच सोडतात. खानदेशच्या वाचकासाठी मात्र भुईमुगाची ओळ जास्त मोलाची आहे.

कारण समजायला थोडे रसायनशास्त्र लागते. तेलातले आम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. साखळीत जोडबंध असले की ती तिथे वाकते, वाकड्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत, म्हणून पदार्थ पातळ राहतो. भुईमुगाच्या तेलात मुख्यतः एक किंवा दोन जोडबंधांची आम्ले असतात. थंड समुद्रातल्या माशांच्या तेलात पाच जोडबंधांचे ईपीए आणि सहा जोडबंधांचे डीएचए असते, त्यामुळे ते गारठ्यातही वाहते राहते. तापवलेल्या तेलात निकेलचा उत्प्रेरक घालून दाबाखाली हायड्रोजन सोडला की काही जोडबंध बुजतात. जे उरतात त्यांतल्या पुष्कळांची ठेवण पालटते आणि वाकलेली साखळी सरळ होते. हेच ट्रान्स आम्ल. तेल तुपासारखे रवाळ होते, टिकते, डब्यात भरता येते. १९५६ च्या तक्त्यातले दोन्ही पदार्थ असे एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांना होते: जोडबंधांनी भरलेले पिलचर्डचे तेल आणि जोडबंध बुजवलेले भुईमुगाचे.

हे दुसरे टोक अमळनेरला तयार होत होते. सुरतहून तापीच्या खोऱ्याने भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा आणि मग अमळनेर. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली आणि अमळनेरला तिचा कारखाना उभा राहिला. आज जग जिला विप्रो म्हणून ओळखते ती हीच. तिचा पहिला माल ‘सनफ्लॉवर’ छापाचे वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपड्यांचा साबण. नावात सूर्यफूल असले तरी कारखान्याची जागा ठरवली ती भुईमुगाने. आजूबाजूच्या तालुक्यांत शेंगा पिकत होत्या, माल आणायला-न्यायला रेल्वे होती. १९६६ मध्ये संस्थापक वारले तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतले आणि त्यांनी हा तेलाचाच धंदा हाती घेतला. 

हायड्रोजन जिरवलेल्या तेलाबद्दल त्या काळी भारतात वाद नव्हता असे मुळीच नाही. ‘डालडा’ १९३७ पासून बाजारात होते, आणि खानदेशात काय, साऱ्या महाराष्ट्रात पुढे कुठल्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणत राहिले. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. त्यावर बंदी घालण्याचे विधेयक पंडित ठाकूरदास भार्गव यांनी संसदेत मांडले. बंगळूर आणि इज्जतनगरच्या प्रयोगशाळांत उंदरांना वनस्पती खाऊ घालण्याचे प्रयोग झाले. पण या वादाची कागदपत्रे वाचताना काय मोजले गेले इकडे लक्ष द्यावे. उंदराचे वजन किती वाढले, पिले किती झाली, डोळे शाबूत राहिले का. लोकांच्या मनात दोन धास्त्या होत्या, वनस्पती मिसळून खऱ्या तुपात भेसळ होईल आणि तुपातले जीवनसत्त्व मुलांना मिळणार नाही. सरकारने दोन्हींवर उपाय काढले. वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले, म्हणजे संशयित तुपात रसायन घातले की तिळाच्या तेलामुळे लाल रंग उमटावा आणि भेसळ पकडली जावी. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्व मिसळण्याची सक्ती केली. दोन्ही उपाय विचारपूर्वक केलेले होते आणि आपापल्या प्रश्नापुरते चोखही होते. मात्र खाणाऱ्या माणसाच्या रक्तात काय घडते, हा प्रश्न त्या नियमांत नव्हता. केपटाऊनचा निबंध छापून आला तेव्हा अमळनेरचा कारखाना दहा वर्षांचा होता. त्या तक्त्यातली भुईमुगाची ओळ भारतातल्या नियमांत उतरायला किती काळ लागला, ते पुढे येईलच.

आता माशाच्या तेलाकडे वळू. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले एडवर्ड एहरन्स आणि सहकारी यांनी मेनहेडन माशाच्या तेलाचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्येच छापला. एहरन्स यांची पद्धत कमालीची शिस्तीची होती. माणसाला दवाखान्यात ठेवायचे, नेहमीचे जेवण बंद करायचे आणि दुधाचे प्रथिन, साखर आणि तेल घोटून केलेले मोजके पेय द्यायचे. त्यात तेल बदलायचे, बाकी काही हलवायचे नाही. माशाचे तेल आले, कोलेस्टेरॉल उतरले. निष्कर्ष खरा होता. पण या पद्धतीतच एक मेख आहे. आहारातल्या जवळपास सगळ्या स्निग्धांशाची जागा माशाच्या तेलाने घेतली होती. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या, माशाचे तेल आले आणि लोणी-चरबी गेली. आकडा उतरला तो कोणामुळे?

हे वेगळे करून पाहायला पुढची पंचवीस-तीस वर्षे लागली. १९८० च्या दशकात अमेरिकेत ओरेगनमध्ये विल्यम हॅरिस आणि विल्यम कॉनर यांनी सॅमन माशाच्या तेलावर काम केले. तिथेही सुरुवातीला मासा आला आणि जोडबंध नसलेली, म्हणजे संपृक्त चरबी घटली, तेव्हा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ मानले जाणारे कोलेस्टेरॉल, उतरले. पुढे जिथे जिथे संपृक्त चरबी होती तेवढीच ठेवून वर माशाचे तेल दिले, तिथे एलडीएल उतरेना. १९९७ मध्ये हॅरिस यांनी माणसांवरच्या साऱ्या प्रयोगांचा आढावा घेतला. दिवसाला सुमारे ४ ग्रॅम ओमेगा-३ आम्ले (ईपीए-डीएचए यांचे घराणे) दिली तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २५ ते ३० टक्के उतरते, ‘चांगले’ मानले जाणारे एचडीएल १ ते ३ टक्के वाढते आणि एलडीएल उतरण्याऐवजी ५ ते १० टक्के चढते. एकूण कोलेस्टेरॉल जवळपास जागच्या जागी राहते.

म्हणजे माशाचे तेल ज्या आकड्यासाठी घेतले जाते तो आकडा ते हलवतच नाही. ते हलवते शेजारच्या ओळीतला, ट्रायग्लिसराइडचा. असे का, तेही आता बऱ्यापैकी कळले आहे. यकृत आपल्याकडचे ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएल नावाच्या मोठ्या कणांत भरून रक्तात सोडते. माशाच्या तेलाने यकृतातली ही भरणी मंदावते. व्हीएलडीएलमध्ये थोडे कोलेस्टेरॉलही असते, त्यामुळे तेवढ्यापुरते एकूण कोलेस्टेरॉल घटलेले दिसू शकते. १९५६ च्या प्रयोगांत मुख्यतः एकूण आकडाच पाहिला जात होता. एलडीएल आणि एचडीएल वेगळे करायला फार महागडे यंत्र लागे. आज प्रयोगशाळेच्या कागदावर जे एलडीएल छापून येते ते अनेक ठिकाणी थेट मोजलेले नसते. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड यांनी दिलेल्या सूत्राने ते काढलेले असते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा.

समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. एकूण २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३००. पाचवा भाग ६०, म्हणून एलडीएल १२०. आता माशाच्या तेलाने ट्रायग्लिसराइड २१० वर आले आणि एकूण २१२ झाले, एचडीएल तेवढेच राहिले असे धरू. पाचवा भाग ४२, म्हणून एलडीएल १३०. एकूण कोलेस्टेरॉल ८ ने उतरले आणि त्याच कागदावर एलडीएल १० ने चढले. ज्याने पहिली ओळ वाचली तो म्हणेल गुण आला, ज्याने एलडीएलची वाचली तो म्हणेल अपाय झाला. आकडे माझे, उदाहरणापुरते. पण हाच खेळ खऱ्या कागदांवर रोज चालतो, आणि लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात.

मात्रेचाही विचार व्हायला हवा. दुकानात सर्रास मिळणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते, दोन्ही मिळून ३००. प्रयोगांतले ४ ग्रॅम गाठायचे तर रोज तेरा-चौदा कॅप्सूल घ्याव्या लागतील. एक किंवा दोन घेणाऱ्याच्या ट्रायग्लिसराइडवरही फारसा फरक दिसणार नाही.

मग माशाच्या तेलाची एवढी ख्याती झाली कशी? इथे दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एक ग्रीनलँडची, दुसरी आपल्या रेल्वेची. ग्रीनलँडची जगभर गाजली. रेल्वेची आपल्याकडेही फारशी कोणी उघडत नाही.

रेल्वेची आधी पाहू. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक पाहणी छापली. १९५८ ते १९६२ या पाच वर्षांत, १८ ते ५५ या वयाच्या साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने किती मृत्यू झाले, हे त्यांनी प्रदेशवार काढले. भारतात त्या काळी अशी दुसरी नोंद मिळणे अवघड होते, कारण गावचा मृत्यू गावातच राही. रेल्वेचा माणूस मात्र भरतीच्या दिवसापासून कागदावर असे. वय, हुद्दा, बदली, आजारपण, मृत्यू, सगळ्याची नोंद. दोंडाईच्याच्या स्टेशनवरचा पोर्टर आणि मुंबईतला कारकून एकाच रेल्वेच्या वैद्यकीय खात्याच्या कक्षेत येत. पाहणीचा निकाल चकित करणारा होता. दक्षिण भारतात लाखामागे १३५ मृत्यू, उत्तरेत २०. मरणाऱ्यांचे सरासरी वय दक्षिणेत ४४, उत्तरेत ५२. आणि उत्तरेचे कर्मचारी दक्षिणेपेक्षा कितीतरी पट जास्त स्निग्ध पदार्थ खात होते, तेही मुख्यतः दूध-तुपाचे. दक्षिणेत तेलबियांचे तेल चालत होते.

केपटाऊनच्या तक्त्याशी हे ताडून पाहिले तर सगळे उलटे दिसते. कोलेस्टेरॉल चढवणारे तूप खाणारे कमी दगावले, उतरवणारे तेल खाणारे जास्त. मल्होत्रांनी याचा अर्थ असा लावला की दुधाच्या स्निग्धांशातली आखूड साखळीची आम्ले आणि चावून, रेषेदार अन्न खाण्याची पद्धत उत्तरेकडच्यांना वाचवत असावी. हा अर्थ टिकला नाही. माझ्या मते या नोंदींतून तूप तारते असे सिद्ध होत नाही. उत्तर आणि दक्षिण यांच्यात फरक केवळ तेल-तुपाचा नव्हता. अंगमेहनत, आजाराची ओळख पटण्याचे प्रमाण, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिण्याची रीत, सगळेच वेगळे असू शकते. पण एक गोष्ट या नोंदवहीने पक्की केली, आणि त्यासाठी तिचे ऋण मानायला हवे: रक्तातला आकडा आणि माणसाचा मृत्यू या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही.

आता ग्रीनलँड. आल्बोर्गच्या इस्पितळातले हान्स ओलाफ बँग आणि योर्न डायरबर्ग हे डॅनिश डॉक्टर १९७० मध्ये ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उमानाक भागात गेले. सील, व्हेल आणि मासे यांच्यावर जगणाऱ्या १३० इन्युइट माणसांचे रक्त त्यांनी घेतले. जून १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. इन्युइटांचे कोलेस्टेरॉल डॅनिश लोकांपेक्षा कमी, आणि ट्रायग्लिसराइड व व्हीएलडीएल तर फारच कमी. डेन्मार्कमध्ये जाऊन राहिलेल्या इन्युइटांचे आकडे मात्र डॅनिश लोकांसारखेच होते. त्यावरून फरक वंशाचा नसून अन्नाचा, असे त्यांनी म्हटले. त्यांची निरीक्षणे प्रामाणिक होती आणि ट्रायग्लिसराइडचा निष्कर्ष तर आजही उभा आहे. १९७८ मध्ये डायरबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे जाऊन ईपीएमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी होते, असा विचार मांडला. म्हणजे माशाच्या तेलाचे मूळ पुरस्कर्तेच एव्हाना कोलेस्टेरॉलकडून रक्ताच्या गुठळीकडे वळले होते. लोकांच्या मनात मात्र कोलेस्टेरॉलच राहिले.

इन्युइटांना हृदयविकार क्वचितच होतो, हे विधान कशावर उभे होते? त्यांच्यात तो किती आढळतो, हे बँग आणि डायरबर्ग यांनी स्वतः मोजलेच नव्हते. ग्रीनलँडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालांवर ते विसंबले. २०१४ मध्ये ओटावाचे जॉर्ज फोडोर आणि सहकारी यांनी ‘कॅनेडियन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी’मध्ये ही सारी साखळी मागे मागे तपासत नेली. लोकसंख्येचा मोठा भाग अशा दूरच्या वस्त्यांत राहत होता जिथे डॉक्टर नव्हता, त्यामुळे मृत्यूचे कारण नीट तपासून लिहिले जाण्याची शक्यताच कमी होती. इतर पाहण्यांत इन्युइटांतला हृदयविकार गोऱ्यांइतकाच निघाला, आणि पक्षाघाताने मरणारे तर जास्त. २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. पिढ्यान्‌पिढ्या सागरी चरबीवर जगलेल्या इन्युइटांत अशा आम्लांची घडामोड करणाऱ्या जनुकांत बदल झालेले आहेत. त्यांच्या ताटातले आपल्या ताटात आणले तरी परिणाम तोच होईल, असे धरता येत नाही.

एका नोंदवहीत माणसे मोजून नोंदलेली होती, पण कारणे गुंतागुंतीची. दुसरीत कारण सुटसुटीत दिसत होते, पण माणसेच पुरती नोंदलेली नव्हती. जगाने सुटसुटीत कारण उचलले.

त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांवर फार थांबत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २०३३ पुरुषांच्या, वेल्समध्ये झालेल्या आणि १९८९ साली छापलेल्या चाचणीत मासे खायचा सल्ला मिळालेल्यांत दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी घटले. त्याच संशोधकांच्या पुढच्या, २००३ मधल्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही. २००७ मध्ये जपानमध्ये १८,६४५ जणांना कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाच्या जोडीला शुद्ध ईपीए देऊन पाहिले. ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रसंग १९ टक्क्यांनी कमी झाले, पण एलडीएल दोन्ही गटांत सारखेच उतरले होते. लाभ झाला असेल तर तो कोलेस्टेरॉलच्या वाटेने आलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत २५,८७१ आणि ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या १५,४८० जणांवर रोज एक ग्रॅमच्या मात्रेने पाहिले, मुख्य कसोटीवर काही हाती लागले नाही.

दोन चाचण्या मात्र नीट पाहायला हव्यात. २०१८ च्या ‘रिड्यूस-इट’मध्ये ८१७९ जणांत शुद्ध ईपीएच्या ४ ग्रॅम मात्रेने हृदयविकाराचे प्रसंग २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२० मध्ये ‘स्ट्रेंग्थ’ ही १३,०७८ जणांची चाचणी, ईपीए आणि डीएचए मिळून ४ ग्रॅमची, लाभ दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली. फरक का पडला, यावर अजून वाद आहे. वादाचा एक मुद्दा तुलनेच्या गटाला काय दिले हा. पहिल्या चाचणीत खनिज तेल दिले होते आणि ते घेणाऱ्यांचे एलडीएल वाढले. दुसरीत मक्याचे तेल दिले होते. दोंडाईच्याच्या माणसाला मक्याचे तेल अनोळखी वाटू नये. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सल स्टार्चच्या तिथल्या कारखान्यात मक्यापासून स्टार्च काढतात, आणि कुठल्याही स्टार्च कारखान्यात दाण्याचा कोंब वेगळा निघतो. त्याच कोंबातून हे तेल मिळते. एहरन्स यांच्या पेयापासून या चाचण्यांपर्यंत प्रश्न तोच राहिला आहे: माशाच्या तेलाच्या समोरच्या पारड्यात कोणते तेल आहे?

भारतातली या विषयावरची सर्वांत गाजलेली चाचणी १९९७ ची, मुरादाबादची. झटक्याच्या संशयाने आलेल्या ३६० रुग्णांना माशाचे तेल, मोहरीचे तेल किंवा तुलनेसाठी नकली औषध (प्लासिबो) दिले, आणि पहिल्या दोन्ही गटांत मोठा लाभ झाल्याचे छापले गेले. आजही तिचा दाखला दिला जातो. पण २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने याच मुख्य संशोधकाच्या आहारावरच्या आधीच्या एका निबंधाबद्दल जाहीर शंका व्यक्त केली. मूळ कागद मागितले तेव्हा बरेचसे वाळवीने खाल्ल्याचे उत्तर मिळाले होते. ‘लॅन्सेट’नेही त्याच सुमारास दुसऱ्या एका निबंधाबद्दल शंका छापली. माशाच्या तेलाच्या चाचणीवर तसा ठपका आलेला नाही. तरीही मी तिच्यावर भार टाकणार नाही. ज्या निष्कर्षाची मूळ नोंद पाहता येत नाही तो इतिहासात सांगता येतो, पण आधार म्हणून धरता येत नाही.

आता दोंडाईच्याच्या ताटाकडे येऊ. खानदेशच्या आठवडे बाजारांत सुकट आणि सुके बोंबील येतात, तापीचे गोडे मासेही मिळतात. पण बोंबलात चरबी नावाला, आणि गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यातही ईपीए-डीएचए तारली-बांगड्याच्या मानाने थोडेच. मासे खाणाऱ्या खानदेशी घरातही माशाचे तेल असे फारसे पोटात जात नाही. इथले खरे ओमेगा-३ जवसात आहे. जवस हे खानदेशचे जुने तेलबी पीक, त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग तीन जोडबंधांच्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. शरीर त्यातून ईपीए बनवते, पण फार थोडे. शाकाहारी समाजांच्या शरीरात ही घडामोड कशी चालते, यावर एक महत्त्वाचा अभ्यास पुण्यातल्या माणसांच्या नमुन्यांवर झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे कोथापल्ली आणि ब्रेना यांनी पुण्याच्या कल्पना जोशी यांच्यासह २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुण्यातल्या २३४, मुख्यतः शाकाहारी व्यक्तींच्या एफएडीएस-२ जनुकाजवळचा एक बदल त्यांनी तपासला. वनस्पतींतल्या आखूड आम्लांपासून लांब आम्ले जोमाने बनवणारे रूप दोन्ही पालकांकडून आलेले ६८ टक्के निघाले; तुलनेच्या अमेरिकी गटात १८ टक्के. ग्रीनलँडच्या उलट दिशेने घडलेला हा इतिहास आहे. पण या जनुकाचे यंत्र ओमेगा-३ आणि ओमेगा-६ या दोन्ही घराण्यांतल्या आम्लांवर चालते. ताटात सूर्यफूल-सोयाबीनचे तेल भरपूर आणि जवस चिमूटभर असेल तर लांब आम्ले बनतील ती ओमेगा-६ घराण्यातली. म्हणजे पुण्याच्या किंवा दोंडाईच्याच्या माणसाने कॅप्सूल घ्यावी की नाही, याआधी त्याच्या कढईत कोणते तेल आहे हे विचारावे लागते.

आणि कढईत फार काळ वनस्पती होते. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी ५९ निरोगी माणसांवरचा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला: ट्रान्स आम्लांनी एलडीएल चढते आणि एचडीएल उतरते. लोणी नुसते एलडीएल चढवते, ट्रान्स आम्ले दोन्ही बाजूंनी मारतात. केपटाऊनच्या भुईमुगाच्या ओळीचा अर्थ आता पुरता उलगडला. डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स आम्लांवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने आपल्या बाजारातले तेल-तूप तपासले, तेव्हा वनस्पतीच्या छापांत या मर्यादेच्या पाच ते बारा पट ट्रान्स आम्ले सापडली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये दहा टक्के, २०१६ पासून पाच टक्के, १ जानेवारी २०२१ पासून तीन आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के अशी मर्यादा खाली आणली. केपटाऊनचा तक्ता छापून झाल्यापासून इथवर यायला ६६ वर्षे गेली. त्या काळात लग्नाच्या पंगतीतली बुंदी, बेकरीतली खारी आणि दिवाळीचे शंकरपाळे याच तुपात तळले-भाजले गेले, आणि ते खाणाऱ्यांच्या रक्तात काय झाले याची नोंद खानदेशच्या कुठल्याही वहीत ठेवली गेली नाही. ते आकडे आता कोणालाही परत काढता येणार नाहीत. नियमाने डब्यातले ट्रान्स आम्ल आटोक्यात आणले आहे. कढईत तेच तेल पुन्हापुन्हा तापवण्यावर जुलै २०१८ पासून वेगळी मर्यादा आहे: तेलातली बिघडलेली, ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचे नाही. ती मोजायला हातात धरायचे एक छोटे यंत्र मिळते.